चौथ्या मजल्याचं दार

शनिवार, ७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

प्रभूची शांती तुझ्या घरावर असो. माझ्याही घरावर ती असावी, फक्त माझ्या जिवाला सापडत नाहीये, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर मी सगळं हसण्यावारी नेतो आणि तू औषधांच्या काउंटरवर उभी राहून दोन शब्दांत निकाल लावतेस.

आधी चांगली बातमी. पाळकसाहेबांनी नक्की केलं. २९ तारखेच्या उपासनेत मला मंडळीचा वडील नेमणार, चर्चच्या ज्येष्ठांत आता मीही. तू यायचंच. भावोजींनाही आण, मागच्या बाकावर झोपले तरी कोणी काही म्हणणार नाही.

आता दुसरं. क्षुल्लक आहे, आधीच सांगतो. बुधवारी एका चार मजली इमारतीतल्या लिफ्टची तपासणी होती. लिफ्ट जुनी आहे, प्रत्येक मजल्यावर हाताने ओढायचं दार. अशा लिफ्टमध्ये केबिन खालीच ठेवायची, जिन्याने प्रत्येक मजल्यावर जायचं आणि दार ओढून बघायचं. केबिन समोर नसताना ते उघडता कामा नये. उघडलं नाही की नोंदवहीत त्या मजल्यापुढे बरोबरची खूण करायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत केलं आणि प्रार्थना सभेतून फोन आला. मंडळी जमलीय, सभा तुम्ही चालवायची आहे, सुरू करू की थांबू? मी घड्याळ बघितलं, चौथ्या मजल्यापुढे खूण केली, सही ठोकली आणि पळालो. देवाच्याच कामाला पळालो, दुसरीकडे कुठे नाही.

सभेत गुडघे टेकले आणि आतून आलं, जा, चौथा बघून ये. इतकं स्वच्छ आलं की मी प्रार्थना करता करता अडखळलो. लोकांना वाटलं मी गहिवरलो.

वीस वर्षांत अशा दारांनी मला कधी दगा दिला नाही. तिथे पुन्हा जायचं म्हणजे व्यवस्थापकाला कारण सांगावं लागेल, कार्यालयातून चिठ्ठी घ्यावी लागेल, आणि २९ तारीख तोंडावर आलीय. माझी बस रोज त्याच थांब्यावरून जाते. थांबा आला की मी उठतो आणि परत बसतो. काल शेजारच्या माणसाने विचारलं, तुम्हाला उतरायचंय की नाही? मी त्याला म्हणालो, प्रार्थना करून ठरवतो. तो उठून दुसऱ्या जागेवर गेला.

तू काय म्हणतेस?

तुझा,
घोळू

---

मंगळवार, १० ऑक्टोबर

प्रिय घोळू,

तुझं नाव मी उगाच ठेवलं नाही. शाळेत असताना पेपर देऊन घरी आलास की तीन दिवस ‘पाचव्या प्रश्नाचा अंक टाकला की नाही’ म्हणून आमचं डोकं खायचास. अंक नेहमी टाकलेला असायचा.

मंडळीचा वडील. मी पत्र वाचून काउंटरवरच बसले. बाबा असते तर त्यांनी गल्लीभर सांगितलं असतं. ते नाहीत म्हणून मीच सांगितलं. आमच्या स्त्रियांच्या सभेतल्या यच्चयावत बायकांना माहीत आहे. तुझ्या भावोजींनी नवे बूट घेतलेत.

दाराचं म्हणशील तर मला लिफ्टमधलं काही कळत नाही. तूच लिहितोस की क्षुल्लक आहे, वीस वर्षांत काही झालं नाही. मग प्रत्येक टोचणी देवाकडूनच येते असं का धरतोस? चांगलं काही घडायच्या वेळीच मनात असे किडे वळवळतात. घाई करू नकोस. शांतपणे प्रार्थना कर, चिन्ह माग. चिन्ह मिळालं तर जा. नाही मिळालं तर २९ नंतर कधीतरी निवांत एक चक्कर टाक, म्हणजे त्या बसमधल्या माणसाचीही सुटका होईल.

मी २८ ला संध्याकाळी पोचते. उशी घेऊन येतेय, तुमच्याकडच्या उशा दगडाच्या आहेत.

तुझी,
ताई

---

सोमवार, १६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं आणि मला वाटलं, मिळालं उत्तर. तू म्हणालीस तसंच केलं. शुक्रवारी सकाळी कामाला निघण्याआधी चिन्ह मागितलं. म्हटलं, प्रभो, मी जावं अशी खरोखर तुझी इच्छा असेल तर त्या व्यवस्थापकानेच मला फोन करावा. वर्षातून एकदा फोन करणारा माणूस आहे, म्हणून हे मागितलं. तुझ्यापासून काय लपवू.

दुपारी दोनला त्याचा फोन आला.

तो म्हणाला, “चौथ्या मजल्यावर आमच्या एक बाई आहेत. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. या बुधवारपासून धोशा लावलाय, लिफ्ट खाली असताना वरचं दार उघडतं. मी दोनदा ओढून बघितलं, हललंसुद्धा नाही. त्या म्हणतात दहापैकी तीन वेळा उघडतं. आता असला हिशोब कोण मांडत बसतं? नोंदवहीत तर तुमची खूण आहे. तुम्ही चौथा बघितला होता ना?”

आणि मी म्हणालो, हो.

विचार करून नाही म्हणालो. कोणी कसे आहात विचारलं की बरा आहे म्हणतो, तसं तोंडातून गेलं. पुढे तो सांगत राहिला. बाईंनी दारासमोर खुर्ची टाकलीय. सकाळी सातपासून तिथेच बसतात, जेवणही तिथेच. दाराला कोणाला हात लावू देत नाहीत, सगळ्यांना जिन्याने पाठवतात. डॉक्टर म्हणतात, वयाचा भ्रम आहे. मुलाची सही झाली की सोमवारी त्यांना तळमजल्यावर हलवणार. तिथे भान हरवलेल्या माणसांना ठेवतात, बाहेरून कडी असते. म्हणजे आजच हलवलं असणार.

हो, तुला सांगायचं राहिलं. ती इमारत वृद्धाश्रमाची आहे.

मी स्वतःची समजूत घालतोय की एका परीने बरंच झालं, त्या दारापासून लांब गेल्या. मग लगेच वाटतं, त्या गेल्या, दार तिथेच आहे. मग वाटतं, व्यवस्थापकाने ओढलं तेव्हा कुठे उघडलं? असं दिवसभर चाललंय. कामावर एकच नट तीनदा आवळतो. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतो. बायको म्हणाली, “हल्ली तुम्ही प्रार्थना फार करताय. काही झालंय का?”

काल रविवारी पाळकसाहेबांनी मला दहा मिनिटं बोलायला लावलं. विषय त्यांनीच दिला होता, देवाने हाक मारताच उठणे. मी बोललो. चांगलं बोललो, ताई. दोन म्हाताऱ्या रडल्या. बाहेर येताना लोक हात हातात घेत होते आणि मला माझा हात काढून कुठेतरी ठेवून द्यावासा वाटत होता.

आता तेराच दिवस उरलेत. २९ पर्यंत थांबू ना?

तुझा,
घोळू

---

बुधवार, १८ ऑक्टोबर

घोळू,

तुझं पत्र आत्ता वाचलं. दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. उचलला नाहीस की उचलायचा नव्हता, ते तुझं तुला माहीत. वृद्धाश्रमाचं नाव लिहिलं असतंस तर मीच तिकडे फोन केला असता. ते तू बरोबर गाळलंस. हे कुरिअरने पाठवतेय.

माझ्या हातून एखाद्याला चुकीची बाटली गेली तर मी काय करेन? प्रार्थना सभा बोलावेन? काउंटरवरून उडी मारून रस्त्यात त्याच्या मागे धावेन, आणि प्रार्थना धावता धावता होईल. देवाला तुला जे सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं, त्याच्यावर पुन्हा विचारायचं काय होतं? तू विचारत राहिलास, कारण विचारत असेपर्यंत जावं लागत नाही.

आणि आता माझं. मी तुला थांब म्हणाले ते देवाला विचारून म्हणाले नाही. मला माझा भाऊ वडील झालेला बघायचा होता. बायकांना सांगून बसले होते. ‘२९ नंतर’ हे शब्द माझे आहेत, देवाचे नाहीत. त्या बाईंच्या दाराला बाहेरून कडी लागली त्यात माझाही हात आहे, आणि हे लिहिताना मला माझीच शिसारी येतेय.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. खाली ठेव आणि जा.

ताई

---

शुक्रवार, २० ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा

ताई,

तुझं पत्र आत्ता कामावर मिळालं. उत्तर लिहू नकोस म्हणालीस, तरी दोनच ओळी लिहितो, म्हणजे मन जरा थाऱ्यावर येईल आणि मग

हे मी पुन्हा तेच करतोय.

शनिवार, २१ ऑक्टोबर

वर जिथे तुटलंय तिथून उठलो आणि गेलो. चिठ्ठी घेतली नाही, हत्यारांची आणि सुट्या भागांची पिशवी तेवढी उचलली. बसची वाट बघायलाही थांबवेना, तीन थांबे चालत गेलो, चालत म्हणजे जवळजवळ पळतच. व्यवस्थापकाची खोली ओलांडून सरळ जिन्याने वर. केबिन तळमजल्यावर होती, जाताना बघून घेतलं होतं.

चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर खुर्ची नव्हती. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार डाग तेवढे होते.

दार ओढलं. नाही उघडलं. पुन्हा ओढलं, नाही. तिसऱ्यांदाही नाही. आणि तुला खरं सांगतो, मला आनंद झाला. त्या बाई खरंच भ्रमिष्ट असाव्यात असा आनंद. चौथ्यांदा ओढलं आणि दार अलगद हातात आलं. समोर अंधार, लोंबणारे दोर, आणि खूप खाली केबिनचं छप्पर.

मी तसाच उभा होतो तेवढ्यात मागून आवाज आला, “आली का लिफ्ट?” एक आजोबा होते. एका हातात चालायची चौकट, दुसरा हात दाराकडे. मोतीबिंदू झालेले डोळे, ताई. ते माझ्या बाजूने पुढे निघालेच होते. मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. ते म्हणाले, “अहो, हळू. दुखतंय.”

दार लावलं, त्यांना खोलीत नेऊन बसवलं, लिफ्टचा वीजपुरवठा तोडला आणि कुलपाची स्प्रिंग आणि आकडा दोन्ही बदलले. धोका होता, परवानगीसाठी थांबणं शक्य नव्हतं. तोवर व्यवस्थापक वर आला. मी त्याला सांगितलं, दार उघडत होतं, मी चौथा तपासला नव्हता, खूण खोटी आहे, फोनवरही खोटं बोललो. कोणी ऐकत नाही ना, म्हणून त्याने जिन्याकडे नजर टाकली. मग हळूच म्हणाला, “दुरुस्त झालं ना? पडलं तर कोणी नाही. नवी तारीख टाका आणि विषय संपवा. त्या बाईंच्या मुलाला मी आता काय तोंड दाखवू?”

मला म्हणावंसं वाटलं, विचार करून सांगतो. जिभेवर आलंच होतं. पण नोंदवही मागितली, त्या खुणेवर रेघ मारली, शेजारी काय केलं आणि काय केलं नाही ते लिहिलं, आणि मुलाचा नंबर घेऊन तिथूनच त्याला फोन केला. त्याने मला जे ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. मग कंपनीला कळवलं. मग पाळकसाहेबांना.

शेवटी तळमजल्यावर गेलो. बाहेरून कडी होती, ती काढायला परिचारिकेला सांगावं लागलं. बाई पलंगावर बसल्या होत्या. शांत राहायच्या गोळ्या देतात, जीभ जड झालीय. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“चौथा बघायला हवा हे त्याच बुधवारी कळलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास, सभेत.”

“चार तारखेला.” त्यांनी बोटांवर मोजलं. “मला अकरा तारखेला कळलं. म्हणजे माझ्या आधी आठवडाभर तुम्हाला ठाऊक होतं.”

मग त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. परिचारिका म्हणाली, आता तुम्ही जा.

तुझा,
घोळू

---

मंगळवार, २४ ऑक्टोबर

प्रिय घोळू,

दुकान अर्धा तास बंद ठेवून तुझं पत्र वाचलं. लोक बाहेरून शटर वाजवत होते. वाजवू दे म्हटलं. त्या आजोबांपाशी येऊन मला पुढचं वाचवेना, पाणी प्यायले आणि मग वाचलं.

पाळकसाहेब नेमणूक पुढे ढकलतील हे उघड आहे, आणि बरोबर करतील. मी २८ ला तरीही येतेय. आपण मागच्या बाकावर बसू, तुझ्या भावोजींना सोबत होईल. बायकांना मीच सांगितलं की भाऊ वडील होणार नाही आणि का होणार नाही. त्यात मी दिलेला थांबायचा सल्लाही सांगितला. एक जण म्हणाली, पण किती सुंदर साक्ष होईल ही. घोळू, तेवढं करू नकोस. निदान इतक्यात नको. तू सांगशील, लोक डोळे पुसतील, आणि तुला सुटल्यासारखं वाटेल. त्या बाई सुटल्या का, ते आधी बघ.

त्या गोळ्यांची गुंगी एका दिवसात उतरत नाही. एकदम बंदही करायच्या नसतात, टप्प्याटप्प्याने कमी करतात. मुलाला सांग, डॉक्टरांना विचारायला लाव. आणि त्यांच्याकडे जात राहा, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं तरी.

तुझी,
ताई

---

सोमवार, ६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू परत गेल्यावर घर रिकामं वाटतंय. उशी विसरलीस, ती मी वापरतोय, परत मिळणार नाही.

माझा तपासणीचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. तोवर कंपनीच्या गोदामात सुटे भाग लावायचं काम. बाई वर आपल्या खोलीत आल्या. मुलगा दोन दिवस राहिला, त्याने त्यांची माफी मागितली. गोळ्या निम्म्यावर आल्यात, बोलणं स्वच्छ झालंय. हे सगळं तुला फोनवर सांगितलंच. जे सांगितलं नाही ते आता लिहितो.

मी रोज कामावरून सुटल्यावर तिकडे जातो. आता त्या भिंतीकडे तोंड करत नाहीत. पण रोज एकच विचारतात, “दार खरंच उघडलं होतं ना?” मी म्हणतो, हो, उघडलं होतं. त्या मान हलवतात. पाच मिनिटांनी पुन्हा. पहिल्यांदा वाटलं, गोळ्यांचा असर. तसं नाही. इतक्या जणांनी, डॉक्टरांनी, पोटच्या पोराने सांगितलं की तुम्ही पाहिलंत ते नव्हतंच, आणि चाळीस वर्षं फळ्यावर उत्तरं बरोबर आणणाऱ्या बाईंचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. मला म्हणतात, दाखवा. काय दाखवू? दार मी स्वतःच दुरुस्त केलं. जुनी स्प्रिंग नेऊन दाखवली. हातात घेऊन म्हणाल्या, “ही स्प्रिंग आहे. मी दाराचं विचारतेय.” मी वेळेवर गेलो असतो तर हे काहीच झालं नसतं. हे मी आता स्वतःला चाबूक मारायला लिहीत नाही. जे आहे ते आहे.

काल रविवार. उपासना सुरू होती, पाळकसाहेब उपदेशाच्या मध्यावर आले होते, आणि आतून आलं, जा. कुठे ते वेगळं सांगावं लागलं नाही. मी आधीच दुसऱ्या रांगेत बसलेलो, आणि सगळ्यांना माझं माहीत. उठून मधल्या वाटेने बाहेर जायचं म्हणजे शंभर डोळे पाठीवर. एक क्षण वाटलं, उपदेश संपू दे. मग उठलो. बायकोने पाय बाजूला घेतले आणि काही विचारलं नाही.

बाई चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर उभ्या होत्या. दाराच्या मुठीवर हात होता आणि ओढवत नव्हतं. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. खोलीत परत जायचीही भीती, कोणी बघितलं तर पुन्हा खाली नेतील. मला बघून म्हणाल्या, “लिफ्ट कुठे आहे?” मी खाली जाऊन बघून आलो. तळमजल्यावर होती. तसं सांगितलं.

“तुम्ही ओढा.”

“तुम्हीच ओढा, बाई. मी इथे आहे.”

मी त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. त्यांनी ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. तोंडाने मोजत, प्रत्येक वेळी पूर्ण जोर लावून, मोजणं दहापर्यंत गेलं. एकदाही उघडलं नाही. मला धास्ती वाटली की आता त्या म्हणणार, म्हणजे कधीच उघडत नव्हतं.

त्यांनी मूठ सोडली. मग म्हणाल्या, “आता उघडत नाही. तेव्हा उघडत होतं.”

मी म्हणालो, “हो, बाई.”

“तुम्हाला विचारलं नाही मी,” त्या म्हणाल्या, आणि हात सोडवून घेऊन आपल्या खोलीकडे चालू लागल्या.

तुझा,
घोळू